करंगळीला पेलेल एवढंच

"हे जॅकेट नाही, तंबू आहे," डॅडी म्हणाले आणि करंगळीवरचं जॅकेट त्यांनी सरळ डेल्मरच्या अंगावर सोडलं. "घालून चालायचंय की यात बिऱ्हाड करायचंय?"

डेल्मरने ते झेलून पुन्हा दांडीला लावलं. "व्हर्लिन, याच दुकानात उभा राहून हीच जॅकेटं तू ढिगाने विकलीस."

"विकली. घातली नाहीत कधी."

मी मध्ये पडले. "पण डॅडी, हे जाड आहे, काट्यांनी फाटणार नाही. आणि ऊबही राहील."

"आणि चढावर? पाऊस बाहेरून भिजवणार, घाम आतून. भिजायचंच आहे तर एवढं ओझं घेऊन कशाला भिजू?" ते डेल्मरकडे वळले. "ही तुझं गिऱ्हाईक का रे? बरी वाटते, पण हिला काही कळत नाही."

"तुझी मुलगी आहे ती, गाढवा. मॅव्हिस."

"ते माहीत आहे मला," डॅडी म्हणाले. पण ते जरा उशिरा म्हणाले.

दक्षिणेतल्या जॉर्जियापासून उत्तरेतल्या मेनपर्यंत जाणारी पायवाट डोंगरातून उतरते, आमच्या गावाच्या मुख्य रस्त्यावरून, पोस्टासमोरून जाते आणि पुन्हा डोंगरात शिरते. खुर्च्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा डॅडी डेल्मरच्या या दुकानात लागले. मागच्या बाजूला एक लांब टेबल होतं. वाटसरू यायचे, पाठीवरचं ओझं त्यावर टाकायचे आणि डॅडी ते उपसायचे. डावीकडे लागणारं, उजवीकडे भीतीपोटी घेतलेलं. हे दोन ढीग म्हणजे डॅडींची सगळी नोकरी. उजवीकडचा ढीग नेहमी मोठा व्हायचा. "तीन चाकू? अस्वलाशी तलवारबाजी करणार का?" असं विचारून ते समोरच्याला हसवायचे आणि तो हसत असतानाच चाकू उजवीकडे सरकवायचे. दाताच्या ब्रशचा दांडा कापायचा, जॅकेटांची लेबलं कापायची, दोऱ्यांची लांब टोकं कापायची. तरुणपणी स्वतः वाटेवर असताना त्यांनी वजन वाचवायला काड्यापेटीतल्या काड्याही अर्ध्या मोडून घेतल्या होत्या, आणि पहिल्याच संध्याकाळी बोटं भाजून घेतली. वाटेवर ज्याला त्याला दुसरंच नाव देतात. डॅडींचं नाव तेव्हापासून 'अर्धी काडी' पडलं ते पडलंच.

स्वतःसाठी जॅकेट पारखायची त्यांची रीत वेगळी होती. दुकानात विजेचा काटा होता, पण तो गिऱ्हाइकांसाठी. स्वतःसाठी ते कॉलरमागची कडी करंगळीत अडकवायचे, हात लांब करायचे आणि डोळे मिटायचे. करंगळीला ओढ जाणवली की ते जॅकेट बाद.

त्या दिवशी निम्मी दांडी बाद झाली. एक कागदासारखं होतं, सगळ्यांत हलकं. पण डॅडींनीच ते नखाने टोकरून दाखवलं. "रोडोडेंड्रॉनच्या झुडपांच्या जाळीत शिरलं की याच्या चिंध्या." डेल्मरने छत्री पुढे केली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मग एक पातळ जॅकेट निघालं. खिसे नाहीत, काखेत हवेसाठी चेन आणि बाकी काही नाही. डॅडींनी ते अडकवलं, डोळे मिटले. बराच वेळ हात तसाच लांब राहिला.

"काय झालं?" डेल्मरने विचारलं. "झोपलास का?"

"अडकवलंस का?" डॅडींनी डोळे न उघडता विचारलं.

मग त्यांनी ते घातलं, टोपी चढवली आणि मान डावीउजवीकडे वळवली. चांगली टोपी डोक्याबरोबर वळते, वाईट टोपीत माणूस मान वळवून टोपीचं अस्तर बघतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ही वळली.

"राखाडी दे यात," ते म्हणाले.

"नारंगी," मी म्हणाले.

"भोपळा दिसेन."

"ऑक्टोबरच चालू आहे," डेल्मर म्हणाला. "हॅलोवीनला दारात ठेवू तुला."

"शिकारीचा हंगाम आहे, डॅडी. कोणी हरीण समजून गोळी घातली म्हणजे?"

शिकारीचं कारण त्यांना पटलं. ते कारण खोटं नव्हतं, पण माझं नव्हतं. दोन वर्षांपासून डॅडी विसरत होते. आधी शेगडी, मग नावं, मग आई गेल्याचं. बुटांच्या नाड्या मात्र ते रोज सकाळी पूर्वीसारख्याच दुहेरी बांधत, पाठीवर पिशवी चढवत आणि ओढ्यावरच्या लाकडी पुलापर्यंत चालून परत येत. परत येत, तोवर ठीक होतं. उन्हाळ्यात एकदा ते पुलाच्या पुढे गेले आणि कोणीतरी गाडीतून आणून सोडलं. मी दाराला कुलूप लावलं तर ते चिडले नाहीत. कारखान्यातला माणूस, त्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार नीट भिंतीला टेकवून ठेवलं आणि गेले. डॉक्टर म्हणाले, कोंडाल तर जास्त बिघडतील. मी काउंटीच्या वाचनालयात नोकरी करते. या आजारावर आमच्याकडे होती तेवढी पुस्तकं मी वाचली. बहुतेकांत शेवटी धीर धरा असं लिहिलेलं होतं.

शेरीफच्या ऑफिसातली रमोना माझ्या बरोबरीची, शाळेपासूनची. ती म्हणाली, "नाव-नंबराचं कडं हातात घातलंस तर ते काढून टाकतील, सगळेच टाकतात. जो कपडा ते कधीच विसरत नाहीत ना, त्यावर नाव नि नंबर शिव."

डॅडी फक्त एक कपडा विसरत नव्हते. आभाळ निरभ्र असलं तरी पावसाचं जॅकेट पिशवीत सगळ्यांत वर असायचंच. जुन्या जॅकेटचं अस्तर उन्हाने भाजलेल्या पाठीसारखं सोलून निघत होतं. म्हणून नवं. ते अंगावर राहील इतकं हलकं हवं होतं, आणि दूरवरून दिसेल अशा रंगाचं.

घरी आल्यावर मी कॉलरच्या आत लेबल शिवलं. व्हर्लिन ऑसबोर्न, खाली माझा नंबर. पेनने लिहून पाहिलं होतं, पण त्या कापडावर शाई धरत नाही, बोटाने पुसली जाते. इस्त्रीने चिकटवायचं तर कापड वितळतं. उरली सुई.

डॅडींनी ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं.

"पावसाच्या जॅकेटला भोकं पाडलीस?"

इतकं दुखावलेलं मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. मी शिवणीवर लावायचा डिंक आणला, पातळ केला आणि प्रत्येक टाक्यावर काडीने एकेक थेंब लावला. ते शेजारी बसून बघत राहिले. "इथं राहिला," एवढंच मध्ये म्हणाले. मी तिथेही लावला. रात्रभर सुकल्यावर त्यांनी आत पाणी ओतून पाहिलं. एक थेंब गळला नाही. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "नोकरी शोधतेयस का? डेल्मरला सांगतो."

मला वाटलं, जमलं.

तो गुरुवार होता. सकाळी ऊन होतं, दुपारनंतर पश्चिमेकडून पाऊस आणि गारठा येणार असं रेडिओवर सांगत होते. मी जेवायला घरी आले तेव्हा डॅडी नव्हते, खुंटीवर पिशवी नव्हती. रोजची परतायची वेळ टळून गेली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोटी कात्री होती आणि शेजारी वजनाचा काटा. काट्याच्या थाळीत लेबल ठेवलेलं होतं. दोरे ओढून तोडलेले नव्हते, एकेक टाका नीट उसवलेला होता. काट्यावर आकडा होता शून्य. एवढ्याशाला तो काटा हलतच नाही.

मी लेबल पर्समध्ये टाकलं आणि रमोनाला फोन केला.

अग्निशमन दलाच्या शेडमध्ये लोक जमायला लागले. चर्चमधल्या बायकांनी राजमा आणि मक्याचा पाव आणला. डेल्मर दुकान बंद करून आला. रमोना रेडिओवर सगळ्यांना एकच वाक्य सांगत होती, "म्हातारा माणूस, नारंगी जॅकेट." मला ते ऐकायला बरं वाटत होतं. राखाडी असतं तर तिला काय सांगता आलं असतं?

पुलापलीकडे नाहीत, ओढ्याकाठी नाहीत. तीनच्या सुमारास ढग डोंगरावर उतरले. वाट जिथून झाडीत शिरते तिथे आम्ही उभे राहिलो होतो. उजेड कमी होत होता आणि माझ्या तोंडाची वाफ मला दिसत होती.

मग रमोनाच्या रेडिओवर कोणीतरी ओरडलं. "नारंगी दिसलं! वरच्या वळणावर. चालतंय!"

डेल्मरने मांडीवर थाप मारली. "सांगत होतो ना! मरायचा नाही तो. खाली येऊन आपल्यालाच विचारेल, इथं काय तमाशा चाललाय."

सगळे हसले. कोणीतरी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. झाडांमधून नारंगी रंग दिसायचा, लपायचा, पुन्हा जरा खाली दिसायचा. डॅडी उजवा पाय थोडा बाहेर टाकून चालतात. हा पाय सरळ पडत होता. मला ते इतरांच्या आधी कळलं.

ती विशीतली मुलगी होती. एवढी माणसं बघून तिने हातातल्या काठ्या थांबवल्या. "काय झालं? अस्वल आहे का?"

"हे जॅकेट कुठून आलं तुझ्याकडे?" रमोनाने विचारलं.

"हे? वर वाटसरूंचा निवारा आहे ना, तिथे एका आजोबांनी दिलं. का?"

"तुझं नाव काय?"

"डुलकी." मग रमोनाच्या अंगावरचा गणवेश तिच्या नीट लक्षात आला. "म्हणजे, अ‍ॅनिका. मी मेनपासून चालत आलेय. कुठेही झोपते म्हणून डुलकी. काय झालंय, मॅम?"

मी पुढे झाले. "मी त्यांची मुलगी. ते काय म्हणाले तुला? सगळं सांग."

ती माझ्याकडे बघायला लागली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "ते इतके मस्त होते. मी जेवत होते, तर आले आणि म्हणाले, एवढं काय वाहतेस, पोरी? मग माझी सगळी बॅग त्यांनी फळीवर उपसली. दोन ढीग केले. माझ्याकडे पीनट बटरची मोठी बरणी होती, तर म्हणाले, ही तू वाहतेस की ही तुला? हसून हसून पुरेवाट झाली आमची. मग माझा पावसाळी पोंचो बघितला. निळा, फाटका, स्वस्तातला. म्हणाले, हे शीड आहे. कड्यावर वारा सुटला की पलीकडच्या टेनेसीत जाऊन पडशील." तिने करंगळी पुढे केली. "मग त्यांनी आपलं जॅकेट काढून माझ्या करंगळीत अडकवलं. डोळे मिट म्हणाले. काही जाणवतंय का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग घाल."

"आणि तू घातलंस," डेल्मर म्हणाला.

"मी नको नको म्हटलं, सर! ते म्हणाले, मी इथंच खाली राहतो, आता घरीच निघालोय. माझा पोंचो घेऊन गेले. म्हणाले, याचं पिशवीला आवरण करीन."

"कुठल्या बाजूला गेले?" मी विचारलं.

तिने वर बोट दाखवलं. डोंगराकडे. "मला वाटलं, पलीकडून रस्ता असेल."

"नाव नाही विचारलंस?" रमोना म्हणाली.

"विचारलं ना. अर्धी काडी."

"खरं नाव, बाळ."

"खरं नाव वाटेवर कोणी विचारत नाही, मॅम," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिच्या कॉलरची मागची बाजू उलटून पाहिली. कशासाठी ते सांगता येणार नाही. लेबल माझ्या पर्समध्ये होतं हे मला ठाऊक होतं. तिथे माझ्या सुईची भोकं होती आणि त्यांवर डिंकाचे थेंब, चौकोनात, एकही भोक न सुटलेलं. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. ती मुलगी जॅकेट काढायला लागली. मी तिचे हात धरले. तिचं जॅकेट काढून मी काय करणार होते? रमोना रेडिओवर सांगत होती, "नारंगी नाही. पुन्हा सांगते, नारंगी नाही. निळा पोंचो. फाटका."

डॅडी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, निवाऱ्याच्या पुष्कळ वर, रोडोडेंड्रॉनच्या जाळीत. पाठ झाडाला टेकून बसलेले होते. पोंचो त्यांनी पिशवीवर पांघरला होता, तिला म्हणाले होते तसंच. पिशवी कोरडी होती.

इस्पितळात त्यांना ऊब देऊन शुद्धीवर आणलं. मग ताप आला आणि छातीत पाणी भरलं. मी रजा घेऊन खुर्चीत बसून राहिले. करण्यासारखं काही नव्हतं. जे करायचं ते नर्स करत होत्या, आणि त्याही माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. डेल्मर रोज यायचा, दारातल्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहायचा, काहीतरी विनोद जुळवायचा आणि न सांगताच जायचा. ती मुलगी गावातच थांबली होती. तो सांगायचा, दुकानात येऊन बसते, काही विकत घेत नाही, झोपतही नाही.

एका दुपारी डॅडींनी डोळे उघडले. त्यांची नजर माझ्या पर्सवर होती.

"किती दिवस झाले निघून?" त्यांनी विचारलं.

मला समजलं. मी म्हणाले, "बरेच झाले."

"खांदे दुखत असतील."

"दुखतात."

"आण इकडं ते."

मी पर्स त्यांच्या मांडीवर, चादरीवर उपडी केली. त्यांच्या बोटांना काम माहीत होतं. किल्ल्या डावीकडे. चष्मा डावीकडे. पुस्तक त्यांनी उचललं, हातात तोललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"संपत आलंय," मी म्हणाले.

"वाचलेली पानं फाडून टाक. राहिलेली ने."

"वाचनालयाचं आहे."

"मग संपलंच," म्हणून त्यांनी ते उजवीकडे टाकलं. बिस्किटं डावीकडे. घडीची छत्री त्यांनी दोन बोटांनी उचलली आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला. मी पाणी दिलं. छत्री उजवीकडे गेली. मग चादरीच्या घडीत त्यांना ते लेबल सापडलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"व्हर्लिन ऑसबोर्न," त्यांनी वाचलं. "हा कोण?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ओळखतेस का याला?"

"हो."

"मग ज्याचं त्याला देऊन टाक, पोरी. तू कशाला वाहतेस?"

त्यांनी ते उजवीकडे ठेवलं, छत्रीवर, आणि तळहाताने ढीग जरा दूर सारला. मग डावीकडचं सगळं त्यांनी माझ्या पर्समध्ये स्वतः भरलं, जड ते तळाशी, लागणारं वर, आणि बंद पर्स माझ्याकडे दिली. "आता उचलून बघ," म्हणाले. मी उठून उभी राहिले आणि पर्स खांद्याला लावली.

"कसं वाटतंय?"

"हलकं."

"जा मग," ते म्हणाले. "ढग येताहेत."

ते रविवारी पहाटे गेले. मी तिथे होते.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अ‍ॅनिका पायऱ्यांशी उभी होती, पाठीवर बॅग, हातात घडी केलेलं नारंगी जॅकेट. "साबण नाही लावला," ती घाईने म्हणाली. "डेल्मरनी सांगितलं, साबणाने कापड पाणी धरायला लागतं. नुसत्या पाण्याने धुतलंय."

मी ते घेतलं. कडी करंगळीत अडकवली, हात लांब केला आणि डोळे मिटले. समोर ती उभी आहे हे मी विसरून गेले. काही जाणवलं नाही. डोळे उघडले तेव्हा जॅकेट माझ्या बोटाला लोंबत होतं.

"पुढे काय घालणार?" मी विचारलं.

"बघते काहीतरी. डेल्मर म्हणाले, उधार देतो."

"शनिवारी त्या बाजूला पाऊस आहे."

मी जॅकेट तिच्यापुढे धरलं. तिने मान हलवली. "मी नाही घेऊ शकत, मॅम. तुम्ही नका सांगू मला. माझ्यामुळे..."

"शिकारीचा हंगाम आहे," मी म्हणाले. "घाल."

तिने बॅग खाली ठेवली आणि जॅकेट घातलं. बाही जरा लांब होती. मग ती वाकली, बॅग चढवली आणि निघाली. मी पायऱ्यांवर उभी राहिले. ती डेल्मरच्या दुकानासमोरून गेली, पोस्टासमोरून गेली, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पुलावरून पलीकडच्या कुरणाच्या चढाला लागली. पानं गळून गेली होती, गवत पिवळं पडलं होतं, आभाळात ढग नव्हता. पाऊस नसतानाही तिने ते काढलं नव्हतं.

रंग चांगला निवडला होता. फार लांबपर्यंत दिसत राहिला.